मराठीच्या वर्गात संगणकाचे काय करावे?

महाविद्यालयांत सत्राच्या अखेरीस एक तक्ता भरून द्यावा लागतो. अध्यापनात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर केला काय, आणि केला असल्यास किती तासिकांना केला, असे दोन रकाने त्यात असतात. कशासाठी केला, ह्याचा रकाना आमच्या पाहण्यात आजवर आलेला नाही. त्यामुळे व्हायचे तेच झाले. वापर म्हणजे प्रक्षेपक लावणे, आणि प्रक्षेपक लावणे म्हणजे पडद्यावर मुद्दे टाकणे, अशी समजूत शिक्षकांत, प्राचार्यांत आणि आता विद्यार्थ्यांतही रूढ झाली आहे. मराठी साहित्याच्या वर्गात संगणकाचा जेवढा म्हणून उपयोग होऊ शकतो, त्यांपैकी हा सर्वांत दरिद्री उपयोग होय, असे आमचे मत आहे. ते का, आणि मग श्रीमंत उपयोग कोणता, ह्याविषयी येथे लिहायचे आहे. आम्ही चौघे मराठीचे अध्यापक आहोत, आणि पुढे जे लिहिले आहे ते वर्गात करून पाहिलेले आहे.

पडद्यावरच्या मुद्द्यांचे काय होते ते पाहा. 'केशवसुतांची काव्यवैशिष्ट्ये' असे शीर्षक येते आणि त्याखाली एकामागून एक भाववाचक नामे झळकू लागतात: क्रांतिकारकता, मानवतावाद, निसर्गप्रेम, आत्मनिष्ठा. विद्यार्थी त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून घेतो (हा शासकीय शब्द घरी कोणी वापरत नाही, पण निबंधात शोभतो) आणि वर्ग संपतो. कविता कोठे आहे? ती पडद्यावर मावत नाही म्हणून गाळलेली असते. बाजारातील मार्गदर्शिका जे काम चोरून करीत असत, तेच काम आता अधिकृतपणे आणि रंगीत अक्षरांत होते, इतकाच फरक. अर्थात हा रोग संगणकाने आणलेला नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षे त्याच टिपा सांगणारे प्राध्यापक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या वहीची जागा पडद्याने घेतली. वहीत निदान शिक्षकाचे हस्ताक्षर होते.

ह्या प्रकाराला कंटाळून आमचे काही ज्येष्ठ सहकारी दुसऱ्या टोकाला जातात. कवितेला आवाज पुरेसा आहे, फळा आणि खडू हीदेखील चैन आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातील अर्धा भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. कोणतीही कविता प्रथम वाचायची ती पुस्तकातून, मोठ्याने, आणि त्या वेळी वर्गातले प्रत्येक यंत्र बंद, हा नियम आम्हीही पाळतो. प्रश्न दुसऱ्या वाचनाचा आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वाचनाचा तर अधिकच आहे. विद्यार्थी कवितेकडे पुन्हा का वळेल? परीक्षा सोडली तर त्याला तसे काही कारण उरत नाही. ते कारण निर्माण करणे हे संगणकाचे साहित्याच्या वर्गातील काम आहे, आणि जे साधन विद्यार्थ्याला संहितेकडे परत पाठवीत नाही ते कितीही झगमगीत असले तरी आमच्या उपयोगाचे नाही.

शोध घेणे ही सर्वांत साधी क्रिया घ्या. तुकारामांची गाथा आज युनिकोड अक्षरांत जालावर उपलब्ध आहे. साडेचार हजारांवर अभंग. द्वितीय वर्षाच्या वर्गाला आम्ही सांगितले की, 'देव' हा शब्द गाथेत कोठे कोठे येतो ते शोधा. अर्ध्या मिनिटात आकडे आले आणि सर्वांचे आकडे वेगळे आले. कारण यंत्राने 'देवा', 'देवें', 'देवाची' ही रूपे तर धरलीच, पण 'नामदेव', 'वासुदेव' आणि 'देवकी' ह्यांनाही त्याच पंक्तीत बसवले. कोणी शब्दामागे जागा सोडून शोधले, तर त्याला विभक्तीची सगळी रूपे हुकली. मग दुसरा शब्द घेतला. 'पाणी' शोधले की 'पाण्यात' सापडत नाही. 'देऊळ' शोधले की 'देवळात' सापडत नाही. आधुनिक कादंबरीत 'माणूस' शोधू गेल्यास 'माणसाला', 'माणसांनी' हे सगळे निसटून जातात, कारण मधला 'णू' यंत्राच्या दृष्टीने नाहीसाच झालेला असतो.

सामान्यरूप हा व्याकरणातला धडा आम्ही सर्वांनी शाळेत पाठ केला आहे आणि परीक्षेनंतर विसरला आहे. त्या दिवशी पंचेचाळीस मुलांनी तो स्वतःहून पुन्हा काढला, कारण त्याच्यावाचून त्यांचा शोध पुढे सरकत नव्हता. 'पाण' एवढाच तुकडा घेऊन शोधावे काय, असे एकाने सुचवले. त्यावर दुसरी म्हणाली की, मग 'पाणवठा' आणि 'पाणउतारा' हेही येतील. पाणउताऱ्यातले पाणी हे पाणीच आहे काय, ह्यावर वर्गात दहा मिनिटे वाद झाला. इंग्रजीसाठी घडलेले साधन मराठीपुढे अडखळते, आणि ते जेथे अडखळते नेमके तेथे मराठीचे मराठीपण दिसते. साधन निर्दोष असते तर तो तास फुकट गेला असता.

ह्यापुढची पायरी अधिक मोलाची आहे. विठ्ठल, पांडुरंग, पंढरीनाथ, नारायण, केशव, हरी ही नावे तुकाराम कोणत्या सुरात घेतात, हे पाहण्यास सांगितले. भांडताना कोणते नाव येते, काकुळतीला येताना कोणते, उपदेश करताना कोणते? ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही आकड्यात नाही. शोध घेऊन अभंगांची यादी तेवढी मिळते, आणि मग प्रत्येक अभंग वाचून त्याचा सूर ठरवावा लागतो. एका गटाचे आणि दुसऱ्या गटाचे सुराविषयी एकमत होत नाही. त्या मतभेदालाच आपण समीक्षा म्हणतो, हे सांगायला मग व्याख्यान द्यावे लागत नाही.

ह्याच सुमारास एक विद्यार्थी विचारतो की, ही गाथा नक्की कोणाची? हा प्रश्न यावा म्हणून आम्ही वाट पाहत असतो. जालावरच्या पुष्कळशा संहिता आपला आधार सांगत नाहीत. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ ह्या काळात, मुंबई सरकारच्या साहाय्याने छापलेली पंडितांची गाथा वेगळी, वारकरी फडांवर चालणारी वेगळी, स्वातंत्र्योत्तर काळातली शासकीय आवृत्ती आणखी वेगळी. अभंगांची संख्या जुळत नाही, क्रम जुळत नाही, कोठे कोठे शब्दही जुळत नाहीत. पाठचिकित्सा हा विषय पदव्युत्तर वर्गात आम्ही व्याख्येपासून शिकवीत आलो. तो पदवीच्या वर्गात असा प्रश्नाच्या रूपाने स्वतःच चालत येतो.

ज्ञानेश्वरीचा प्रयोग ह्याहून सोपा आहे. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत, साखरे परंपरेची सांप्रदायिक प्रत आणि १९६० ची शासकीय प्रत, अशा तीन प्रतींतील एकाच अध्यायातल्या दहा ओव्या तीन स्तंभांत शेजारी शेजारी मांडायच्या आणि फरकांवर रंग लावायचा. साध्या तक्त्याच्या आज्ञावलीत हे होते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. रंग लावता लावता मुलांच्या ध्यानात येते की, बदल सर्वत्र सारखे नाहीत. जेथे जुने रूप दुर्बोध झाले तेथे ते अधिक आहेत. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ही गोष्ट केवळ पुण्यकर्म म्हणून कानांवरून जात नाही. आपल्यापुढे आज जे रंगीत स्तंभ आहेत, तसे काहीतरी एकनाथांच्याही पुढे असले पाहिजे, इतके मुलांना कळते.

कोशांविषयी थोडक्यात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोश, हे सारे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आमच्या विद्यार्थिदशेत दात्यांच्या कोशाचे खंड ग्रंथालयात कुलुपात असत आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते गृहस्थ बहुधा रजेवर असत. आज तो कोश विद्यार्थ्याच्या खिशात आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. ते सांगणे एवढेच आपले काम आहे. तथापि एक सूचना त्याबरोबर द्यावी: मोल्सवर्थचा कोश ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने रचला गेला, तेव्हा त्यात कोणाची मराठी सापडते आणि कोणाची सापडत नाही, हेही पाहायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

लोकसाहित्याचा अभ्यासक्रम सर्व विद्यापीठांत आहे. जात्यावरची ओवी हे त्यातले ठरलेले प्रकरण. विद्यार्थी तिची व्याख्या लिहितात, विशेष लिहितात, वर्गीकरण करतात आणि उत्तीर्ण होतात. परंतु ओवी ऐकलेली असते किती जणांनी? घरातली जाती अंगणात पालथी पडून आज किती वर्षे झाली! जे ऐकायचे ते छापून वाचायला देणे ही आपल्या अभ्यासक्रमाची जुनी खोड आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कित्येक वर्षे गावोगाव हिंडून ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांच्या ह्या संग्रहातील ओव्या २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हे संकेतस्थळ ध्वनिमुद्रणांसह आणि चित्रफितींसह प्रसिद्ध करीत आले आहे. तेथे ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत ओवीखाली 'लोकगीत' एवढेच छापलेले असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ह्या दोहोंतला भेद जाणवला पाहिजे. केशवसुतांच्या कवितेखाली कोणी 'नागरी गीत' असे छापीत नाही.

ध्वनिमुद्रण वर्गात लावले की पहिली गोष्ट अशी घडते की, कागदावर दोन ओळींची दिसणारी ओवी गाताना दोन ओळींची राहत नाही. शब्द पुन्हा येतात, मध्येच 'गं बाई' येते, एक स्वर लांबतो आणि दुसरी बाई तो उचलते. छापील ओवी वाचून 'यतिभंग' शोधणारी मुले गप्प होतात. दुसरी गोष्ट विषयांची. ओवी म्हणजे माहेर, भाऊराया आणि सासुरवास, अशी टिपणातली समजूत असते. ह्या संग्रहात सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत तशा बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही आहेत. परंपरा म्हणजे गोठलेले काहीतरी, हा समज त्या एका गोष्टीने जितका हलतो तितका आमच्या व्याख्यानांनी कधी हलला नव्हता.

ह्यानंतर आम्ही मुलांना घरी पाठवतो. आजी, मावशी, शेजारची म्हातारी, ज्या कोणाला ओव्या, भलरी, पाळणे, हादगा-भोंडल्याची गाणी येत असतील तिच्याकडे जायचे, परवानगी विचारायची, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करायचे, तिचे नाव, गाव, आणि हे गाणे तिला कोणाकडून मिळाले, हे लिहून आणायचे. 'नाही' म्हणाली तर हात जोडून परत यायचे. आणलेले गाणे मग अक्षरांत उतरवायचे. येथे खरी गंमत सुरू होते. बाई 'व्हती' म्हणते. विद्यार्थी 'होती' लिहितो. ती 'पानी' म्हणते. आणि विद्यार्थी 'पानी' लिहू गेला तरी भ्रमणध्वनीचा कळफलक पुढे होऊन 'पाणी' सुचवतो. 'म्या' टंकित करायला गेले तर 'मी' पुढे येते. साठ-सत्तर वर्षे शाळांनी जे काम छडीने केले, ते हे यंत्र नम्रपणे, न विचारता करते. प्रमाणभाषा ही कोणीतरी केलेली निवड आहे, हे विद्यार्थ्याला येथे अंगठ्याखाली जाणवते. सूचना बंद कशी करायची, हे मग वर्गातलीच कोणीतरी मुलगी सर्वांना दाखवते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. घरी ज्यांची बोली अशी आहे ती मुले मराठीच्याच वर्गात सर्वांत मुकी असतात. इंग्रजीच्या वर्गात सगळेच चाचरतात, तेथे लाज वाटून घेण्याचे कारण नसते. मराठीच्या वर्गात मात्र तोंड उघडताच 'न' आणि 'ण' ह्यांचा हिशेब लागतो. श्रुतलेखनाच्या ह्या कामात ती मुले अकस्मात जाणकार ठरतात. दोन वर्षे शेवटच्या बाकावर बसलेली एक विद्यार्थिनी आम्हां दोघा प्राध्यापकांना, मोटेची चाके आणि नाडे ह्यांची नावे फळ्यावर चित्र काढून समजावून देत होती, कारण गाण्यातला एक शब्द आम्हांला लागत नव्हता. कोशात तो नव्हता. ध्वनिमुद्रणाचे यंत्र स्वस्त झाल्यामुळे जे काही घडू शकते त्यातले हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते, आणि वार्षिक तक्त्यात त्याला जागा नाही.

युनिकोडविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण साहित्याचे अध्यापक तो विषय तंत्रज्ञांचा समजून सोडून देतात. आमच्या पिढीने आपले प्रबंध, प्रश्नपत्रिका आणि नियतकालिके श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत घडवली. कागदावर ती सुंदर उमटली. पण संगणकाच्या लेखी ती मराठी नव्हती, रोमन अक्षरांची रास होती. ती फाइल आज उघडली तर अनेकदा निरर्थक चिन्हे दिसतात. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे, तरी 'ॲ' हे मराठीच्या गरजेचे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. त्यापूर्वीचा 'अॅ' हा 'अ' वर चंद्र ठेवून जोडलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एक शोधले की दुसरे सापडत नाही. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास', 'दऱ्या' आणि 'दर्या' ह्यांतला भेद जर टंकलेखनाने पुसला, तर स्वयंपाकी आणि गुरू, दरी आणि समुद्र एकमेकांत मिसळतात. ही चूक दुरुस्त करायला अभियंता कशाला हवा? ती पहिल्यांदा दिसते ती आपल्यालाच. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही बातमीसुद्धा आमच्या क्षेत्रात फारशी कोणी घेतली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विचारल्यावाचून आज कोणी सोडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या गृहपाठांतले शुद्धलेखन सुधारले आणि बाकीचे सगळे नाहीसे झाले. 'कवीने अत्यंत हृदयस्पर्शी शब्दांत मानवी जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे', असे वाक्य मर्ढेकरांविषयी येते, बहिणाबाईंविषयी येते आणि ढसाळांविषयीही येते. न लिहिलेले अभंग तुकारामांच्या नावावर येतात, नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ पृष्ठांकांसह येतात. सहकाऱ्यांत ह्यावर दोन प्रतिक्रिया दिसतात: पकडण्याची आणि बंदी घालण्याची. आमचे मत असे की, ह्या वाक्यांकडे जरा निरखून पाहावे. ती ओळखीची आहेत. हीच वाक्ये आमच्या उत्तरपत्रिकांत तीस वर्षे येत होती आणि त्यांना आम्ही दहापैकी सात गुण देत होतो. जे उत्तर कविता न वाचता लिहिता येते ते यंत्राला लिहिता आले, तर त्यात यंत्राचे विशेष कर्तृत्व काही नाही. 'अमुक कवीची काव्यवैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्नच कविता न वाचता सोडवण्यासारखा आहे.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने जातो. अभ्यासक्रमातील एका कवितेचे रसग्रहण वर्गासमक्ष यंत्राकडूनच लिहवून घेतो, त्याच्या प्रती काढतो आणि मुलांना पुस्तक उघडून प्रत्येक विधानापुढे खूण करायला सांगतो: ह्याला कवितेत आधार आहे, आधार नाही, किंवा हे विधान कोणत्याही कवितेला लागू पडेल. तिसरी खूण सर्वांत अधिक वेळा पडते. एकदा ही खूण करण्याची सवय लागली की मुले ती छापील समीक्षेवरही करू लागतात, आणि काही मान्यवरांची अवस्था त्यात फार चांगली राहत नाही. परीक्षेचा प्रश्न मात्र एकट्या शिक्षकाच्या हातात नसतो. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका जोवर तीच आहे तोवर वर्गातल्या ह्या खटाटोपाला मर्यादा आहेत. अंतर्गत गुणांपुरते तरी तोंडी परीक्षा आणि पुस्तक समोर ठेवून लिहायची उत्तरे हे मार्ग आपल्या हाती आहेत, आणि तेही आपण वापरत नाही, ही तक्रार आमच्याच लोकांविषयी आहे.

साधने सर्वांजवळ असतात हे गृहीत धरणे चुकीचे आहे, हे मार्च २०२० नंतरच्या दीड-दोन वर्षांनी दाखवून दिले. मराठीच्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या घरी एक भ्रमणध्वनी आणि त्यावर तीन भावंडे, अशी स्थिती होती आणि त्यांत मुलीचा क्रमांक शेवटचा होता. म्हणून वर सांगितलेले काम आम्ही वर्गातच, चौघांत एक यंत्र ह्या हिशेबाने करतो, आणि ज्याला घरी न्यायचे त्याला कागदावरची प्रत देतो. त्यावरून आणखी एक गोष्ट. पुस्तकांच्या चोरट्या प्रती वर्गाच्या गटांत फिरतात. पुस्तक मिळत नाही म्हणून ते होते, हे खरे. पण कायदा काय म्हणतो ते शिक्षकाला तरी ठाऊक हवे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य खुले होते. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांची कविता २०१७ पासून सर्वांची आहे. साने गुरुजी, बालकवी, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, फुले हे सगळे खुले आहेत. अभ्यासासाठी पुस्तकांतील उताऱ्यांचे संच काढून देण्याविषयी दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकालही शिक्षकांना बराच अनुकूल आहे. म्हणजे निदान आधुनिक मराठीच्या पहिल्या शतकासाठी चोरीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती चांगल्या, शुद्ध, आधार सांगणाऱ्या संहितांची. आणि त्या बाहेरून कोणी आणून देईल असे दिसत नाही.

त्या वर्गात तयार होऊ शकतात. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकाचे छायाचित्रित पान एका बाजूस आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूस अशी सोय आहे. यंत्र 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ह्यांत गोंधळते. 'ख' चा 'रव' करते. विद्यार्थ्याने पान दुरुस्त करायचे, की त्याचा रंग पिवळा होतो. दुसऱ्या कोणीतरी ते पुन्हा तपासले की हिरवा. तीस मुलांनी पाच-पाच पाने घेतली तर सत्रात दीडशे पाने होतात. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही १८९० पासून 'करमणूक' मधून क्रमशः आलेली कादंबरी आम्ही तिच्या जुन्या छापील पानांवरून अशाच कामासाठी घेतली. अक्षर न् अक्षर तपासताना मूल जितके सावकाश वाचते तितके सावकाश वाचायला त्याला दुसऱ्या कोणत्याही उपायाने लावता येत नाही, हा आमचा अनुभव आहे. पाच पानांवर दोन तास बसलेली मुले यमुनेच्या बोलण्यातले वळसे आम्हांला दाखवू लागली.

वाद उपस्थित झाला तो अनुस्वारांवरून. जुन्या पानांवर जागोजाग टिंबे आहेत: 'लक्षांत', 'केलें', 'तें', 'घरांत'. १९६२ च्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबे गेली. मुलांना ती आधी छपाईची घाण वाटली आणि काहींनी उत्साहाने पुसूनही टाकली. मग एकाने विचारले की, 'केले' आणि 'केलें' दोन्ही एकाच पानावर कसे? शोधल्यावर निघाले की, 'काम केलें' तेथे टिंब आहे आणि 'विचार केले' तेथे नाही. टिंब नपुंसकलिंगी एकवचन सांगत होते. म्हणजे ती घाण नव्हती, व्याकरण होते. टिंबे ठेवायची असा निर्णय बहुमताने झाला. त्याबरोबर नवी अडचण आली: टिंबे ठेवली तर आजच्या लेखनाने 'लक्षात' असे शोधणाऱ्याला 'लक्षांत' सापडणार नाही. दोन्ही रूपे जोडून देणारी सूची करावी, असे एका गटाचे म्हणणे आहे. मूळ पानाशेजारी आजच्या लेखनातली वेगळी प्रत ठेवावी, असे दुसऱ्या गटाचे. पहिल्या चार प्रकरणांवर सध्या दोन्ही करून पाहणे चालू आहे.